सरकारी बांधकामांच्या निविदा नाकारण्यावरील वाद (भारत)

सरकारी बांधकामांच्या निविदा नाकारण्यावरील वाद म्हणजे रस्ता, पूल, कालवा, इमारत, मेट्रो इत्यादी सार्वजनिक कामांसाठी मागवलेल्या निविदांपैकी एखादी निविदा अपात्र ठरवली गेल्यावर किंवा डावलली गेल्यावर, ती भरणाऱ्या कंत्राटदाराने त्या निर्णयाला दिलेले आव्हान होय. निविदा मागवणारी संस्था केंद्र अथवा राज्य शासनाचे खाते, महामंडळ, प्राधिकरण, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा सार्वजनिक उपक्रम असू शकते. भारतात असे वाद प्रामुख्याने संविधानाच्या अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात रिट याचिकेच्या रूपाने दाखल होतात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात जातात.

काम सुरू झाल्यानंतर देयके, मुदतवाढ किंवा दरवाढ यांवरून होणाऱ्या वादांहून हे वाद वेगळे आहेत. त्या वादांत करार अस्तित्वात असतो आणि बहुधा त्यातील लवादाचे कलम लागू होते. निविदा नाकारली गेलेल्या कंत्राटदाराजवळ मात्र करारच नसतो. त्याची निविदा हा कायद्याच्या दृष्टीने केवळ एक देकार असतो आणि देकार स्वीकारलाच पाहिजे असे बंधन कोणावरही नसते. म्हणून त्याची तक्रार कंत्राटाच्या हक्कावर उभी राहत नाही. शासनाने आपल्याला इतरांसारखीच वागणूक दिली नाही, एवढ्यावरच ती उभी राहते.

निविदा नाकारली जाण्याचे टप्पे

बहुतेक मोठ्या कामांत निविदा दोन लिफाफ्यांत घेतली जाते. पहिल्या, म्हणजे तांत्रिक लिफाफ्यात नोंदणी, अनुभव, उलाढाल, यंत्रसामग्री व बयाणा रक्कम यांची कागदपत्रे असतात, तर दुसऱ्या, म्हणजे आर्थिक लिफाफ्यात दर असतो. पहिला लिफाफा तपासून पात्र ठरलेल्यांचाच दुसरा लिफाफा उघडला जातो आणि त्यांतील सर्वांत कमी दराची निविदा सामान्यतः स्वीकारली जाते. ई-निविदा पद्धती आल्यापासून लाखबंद पाकिटांची जागा संकेतस्थळाने घेतली असली, तरी ‘लिफाफा’ हा शब्द टिकून आहे. महाराष्ट्र शासनाच्या कामांसाठी महाटेंडर्स हे संकेतस्थळ वापरले जाते. सार्वजनिक बांधकाम विभागात अंदाजपत्रकीय दराच्या टक्केवारीने देकार मागवणाऱ्या नमुन्यास ‘बी-१’ आणि प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर मागवणाऱ्या नमुन्यास ‘बी-२’ म्हणतात. याच नावांनी ते कंत्राटदारांत ओळखले जातात.

वाद बहुतांशी पहिल्या लिफाफ्यावरून होतात, कारण तेथे बाद झालेल्याचा दर उघडलाच जात नाही. नेहमी आढळणारी कारणे म्हणजे सारख्या स्वरूपाच्या कामाचा अनुभव अपुरा असणे, बँक हमीचा नमुना चुकणे, प्रतिज्ञापत्र किंवा मुखत्यारपत्र नसणे आणि निविदाक्षमता कमी भरणे. निविदाक्षमता ठरवण्यासाठी सामान्यतः गेल्या पाच वर्षांतील सर्वाधिक वार्षिक कामाची अद्ययावत रक्कम, नव्या कामाच्या मुदतीची वर्षे आणि एक ठरावीक गुणक (बहुधा २) यांचा गुणाकार करतात आणि त्यातून हाती असलेल्या कामांची शिल्लक वजा करतात. हाती असलेली कामे लपवल्याचा आरोप येथूनच उद्भवतो.

दुसऱ्या प्रकारचे वाद अटींवरच असतात. डांबर मिश्रणाचा प्रकल्प कामापासून ठरावीक अंतरात असावा किंवा निविदेपूर्वी कार्यकारी अभियंत्याकडून स्थळपाहणीचा दाखला घ्यावा, अशा अटींमुळे स्पर्धा मोजक्याच कंत्राटदारांत राहते, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. स्थळपाहणीच्या दाखल्यात आणखी एक अडचण असते. कोण निविदा भरणार हे त्यामुळे आधीच कळते आणि आपसांत संगनमत करण्यास वाव मिळतो. अंदाजपत्रकाहून फारच कमी दराच्या निविदेसाठी अतिरिक्त सुरक्षा अनामत मागितली जाते आणि ती वेळेत किंवा योग्य स्वरूपात न भरल्यामुळेही निविदा बाद होतात. याउलट महाराष्ट्रात लहान कामांचे वाटप मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले कंत्राटदार यांच्यात ३३:३३:३४ या प्रमाणात करण्याची पद्धत आहे. त्यांतील तक्रारी न्यायालयापर्यंत क्वचितच पोहोचतात, कारण याचिकेचा खर्च कामाच्या नफ्यापेक्षा जास्त होतो.

कायदेशीर आधार

भारतात सार्वजनिक खरेदीसाठी केंद्रीय कायदा नाही. २०१२ मध्ये लोकसभेत सार्वजनिक खरेदी विधेयक मांडण्यात आले होते. ते मंजूर न होता २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. केंद्र शासनाची खाती सामान्य वित्तीय नियम, २०१७ व त्यांखालील नियमपुस्तिका पाळतात. या नियमांपैकी नियम १७३ नुसार निविदेच्या अटी, प्रक्रिया व निविदेचा नकार यांविषयी प्रश्न उपस्थित करण्याची सोय निविदा दस्तऐवजातच असली पाहिजे आणि निविदाकाराने विचारणा केल्यास नकाराची कारणे सांगितली पाहिजेत. तामिळनाडू (१९९८), कर्नाटक (१९९९) व राजस्थान (२०१२) या राज्यांनी स्वतंत्र पारदर्शकता कायदे केले असून त्यांत नाकारलेल्या निविदाकारास अपिलाची तरतूद आहे. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः शासन निर्णय, विभागाच्या नियमपुस्तिका आणि प्रत्येक निविदेतील अटी यांवर चालतो.

कायद्याच्या अभावी सर्व भार संविधानावर येतो. अनुच्छेद १२ नुसार ‘राज्य’ या संज्ञेत येणाऱ्या प्रत्येक संस्थेला अनुच्छेद १४ मधील समानतेचे तत्त्व पाळावे लागते आणि व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा अनुच्छेद १९(१)(छ) हाही या वादांत आधार म्हणून घेतला गेला आहे. निविदा नाकारण्याच्या आदेशाची वैधता त्यात नमूद केलेल्या कारणांवरूनच तपासावी आणि मागाहून प्रतिज्ञापत्राने नवी कारणे जोडता येणार नाहीत, हा मोहिंदर सिंग गिल खटल्यातील (१९७८) नियम मुळात निवडणुकीच्या संदर्भातील आहे. तरीही तो निविदांच्या याचिकांत नेहमी पुढे केला जातो.

तत्त्वांचा विकास

या शाखेचा प्रारंभ बांधकामाच्या नव्हे, तर उपाहारगृहाच्या निविदेतून झाला. मुंबईच्या विमानतळावर उपाहारगृह व अल्पोपाहार केंद्रे चालवण्यासाठी भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने नोंदणीकृत द्वितीय श्रेणीच्या आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्या हॉटेलचालकांकडून देकार मागवले होते. स्वीकारलेल्या निविदाकाराला उपाहारगृहे चालवण्याचा अनुभव होता, पण ती श्रेणी नव्हती. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण (१९७९) या खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी असा निर्णय दिला की, शासनाने स्वतः घालून दिलेले निकष शासनालाही बांधतात. ते सोडायचे असतील तर सर्वांसाठी सोडले पाहिजेत, नाही तर त्या अटीमुळे निविदाच न भरलेल्या माणसावर अन्याय होतो. तरीही याचिकाकर्त्याला दाद मिळाली नाही. त्याने पाच महिन्यांहून अधिक विलंब केला होता आणि तोवर निवडलेल्या निविदाकाराने खर्च करून व्यवसाय सुरू केला होता. तत्त्व मान्य होऊनही दाद नाकारली जाण्याचा हा प्रकार पुढील अनेक निकालांत दिसतो.

टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार (१९९४) हा चार महानगरांतील मोबाइल दूरध्वनी परवान्यांचा खटला होता आणि आज निविदांवरील जवळपास प्रत्येक निकालात त्याचा उल्लेख येतो. न्यायालय अपिलाधिकारी म्हणून बसत नाही. निर्णय बरोबर की चूक हे न पाहता तो कोणत्या पद्धतीने घेतला गेला एवढेच ते पाहते. निविदेच्या अटी ठरवण्याचे स्वातंत्र्य शासनाला असले पाहिजे आणि न्यायालयाजवळ तांत्रिक तज्ज्ञता नाही, अशी सूत्रे त्यात मांडली गेली.

बांधकाम व उभारणीच्या कामांसाठी अधिक महत्त्वाचा ठरला तो रौनक इंटरनॅशनल विरुद्ध आय.व्ही.आर. कन्स्ट्रक्शन हा निकाल. नागपूरजवळील खापरखेडा औष्णिक विद्युत केंद्रासाठी मोठ्या व्यासाच्या नळवाहिन्या व पोलादी टाक्यांच्या कामाची निविदा महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने काढली होती. निवडलेल्या कंपनीने पात्रतेची अट पूर्ण केली नव्हती, अशी प्रतिस्पर्धी कंपनीची तक्रार होती आणि उच्च न्यायालयाने कामाला अंतरिम स्थगिती दिली होती. डिसेंबर १९९८ मधील निकालात न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती स्थगिती उठवली. त्या पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. तक्रार करणारी कंपनी स्वतःही ती अट पूर्ण करत नव्हती, हे निकालात नोंदवले आहे. पण या निकालाचे खरे योगदान वेगळे आहे. स्थगितीचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न त्याने मध्यभागी आणला. वीज केंद्र दोन वर्षे उशिरा सुरू झाल्यास वाढलेली किंमत आणि न मिळालेली वीज यांचा भार जनतेवर पडतो. म्हणून स्थगिती मागणाऱ्या व्यापारी कंपनीला, याचिका फसल्यास होणारी हानी भरून देण्यास बांधले पाहिजे, असे न्यायालयाने सुचवले.

जगदीश मंडल विरुद्ध ओडिशा राज्य (निकाल डिसेंबर २००६) या खटल्यात न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी दोन प्रश्नांची कसोटी सांगितली. पहिला प्रश्न असा की, निर्णय अप्रामाणिक हेतूने किंवा कोणाला लाभ देण्यासाठी घेतला आहे का, किंवा कोणतेही जबाबदार प्राधिकरण घेणार नाही इतका तो असमंजस आहे का? दुसरा प्रश्न असा की, त्याने सार्वजनिक हिताला बाधा येते का? दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर हस्तक्षेप करू नये. दुखावलेला अभिमान आणि व्यापारी चुरस यांपोटी क्षुल्लक प्रक्रियादोषांचा बाऊ करणाऱ्या याचिकांविषयी या निकालात स्पष्ट नापसंती आहे. ही कसोटी आता रूढ आहे. याचिकाकर्त्याच्या दृष्टीने ती कठीण आहे, कारण ज्या कागदांवरून अप्रामाणिकपणा सिद्ध व्हायचा ते बहुधा दुसऱ्या पक्षाच्या कपाटात असतात.

अत्यावश्यक आणि दुय्यम अटी

एखादा कागद राहून गेला किंवा वेगळ्या स्वरूपात दिला गेला म्हणून निविदा बाद करावी की नाही, हा सर्वांत नित्याचा प्रश्न आहे. पोद्दार स्टील विरुद्ध गणेश इंजिनीअरिंग वर्क्स (१९९१) या खटल्यात बयाणा रक्कम रोख किंवा स्टेट बँकेच्या धनाकर्षाने भरण्याची अट होती. निविदाकाराने युनियन बँकेचा प्रमाणित धनादेश दिला. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्याने तो स्वीकारला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पात्रता ठरवणाऱ्या अटी कडकपणे पाळाव्या लागतात, पण मुख्य हेतूला पूरक असलेल्या दुय्यम अटींत प्राधिकरण सूट देऊ शकते, असा भेद त्यातून रूढ झाला.

या भेदाची मर्यादा पश्चिम बंगाल राज्य विद्युत मंडळ विरुद्ध पटेल इंजिनीअरिंग (२००१) या खटल्यात दिसते. पुरुलिया उदंचन जलविद्युत प्रकल्पाच्या निविदेत एका कंपनीगटाच्या अनेक बाबींचे दर संगणकाच्या पुनरावृत्तीमुळे चुकीचे छापले गेले. दुरुस्ती केल्यास तो देकार पुढच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा ४० कोटी रुपयांनी स्वस्त ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि उच्च न्यायालयाने दुरुस्तीची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. सगळे लिफाफे उघडल्यानंतर एकालाच दर बदलू दिल्यास इतरांशी समानता राहत नाही आणि नियम पाळले जाणे हेच अशा वेळी सार्वजनिक हित आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ४० कोटींच्या बचतीचा मोह बाजूला ठेवून दिलेला हा निकाल कठोर वाटतो. पण दर उघडल्यावर ‘चूक’ सापडण्याची सवलत दिली असती, तर तिचा उपयोग प्रामाणिक चुकीपुरताच मर्यादित राहिला असता, असे समजणे अवघड आहे.

निविदेतील शब्दांचा अर्थ कोणी लावायचा

नागपूर मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या बांधकामासाठी मेट्रोच्या स्थापत्य कामाचा अनुभव मागितला होता. एका चिनी कंपनीने टाटा प्रोजेक्ट्सबरोबर संयुक्त भागीदारीत निविदा भरली. चिनी कंपनीचा अनुभव चीनमधील शहरांना जोडणाऱ्या अतिवेगवान रेल्वेमार्गाचा होता. तो मेट्रोचा अनुभव नव्हे, असे नागपूर मेट्रो रेल महामंडळाने ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भागीदारीच्या बाजूने निकाल दिला. खांबांवरील मार्ग बांधण्याचे काम तांत्रिकदृष्ट्या सारखेच असते, हा मुद्दा वरवर पटणाराही होता.

अॅफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध नागपूर मेट्रो रेल महामंडळ या खटल्यात सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. निविदा दस्तऐवज ज्याने लिहिला त्यालाच त्याचा अर्थ अधिक चांगला कळतो. त्याने लावलेला अर्थ अप्रामाणिक किंवा विपर्यस्त नसेल, तर न्यायालयाला दुसरा अर्थ अधिक पटतो एवढ्याने हस्तक्षेप करता येणार नाही, असे न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या निकालात म्हटले आहे. खाजगी करारांच्या कायद्यात संदिग्ध शब्दांचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याची प्रथा आहे. निविदांच्या क्षेत्रात या निकालाने जवळजवळ उलटी दिशा घेतली. त्यानंतर संदिग्ध अटीचा धोका व्यवहारात निविदाकारावर आला. निविदापूर्व बैठकीत लेखी खुलासा मागून शुद्धिपत्रक काढवून घेणे हा त्यावरील जवळपास एकमेव उपाय उरतो.

शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतू

नाकारलेल्या निविदाकाराने सर्वोच्च न्यायालयात विजय मिळवल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण मुंबई पारबंदर प्रकल्पाचे, म्हणजे शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतूचे आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) हा सेतू खाजगी गुंतवणुकीतून बांधण्यासाठी निविदा मागवल्या. रिलायन्स एनर्जी आणि कोरियातील ह्युंदाई अभियांत्रिकी कंपनी यांच्या गटाला, ह्युंदाईचा निव्वळ रोख नफा निकषाइतका नाही या कारणाने, पहिल्याच टप्प्यावर अपात्र ठरवण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयात गटाला यश आले नाही.

रिलायन्स एनर्जी विरुद्ध महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ या खटल्याचा निकाल सप्टेंबर २००७ मध्ये न्यायमूर्ती एस. एच. कपाडिया यांनी दिला. वाद हिशेबशास्त्राचा होता. ताळेबंदातील तोट्यात प्रत्यक्ष पैसा बाहेर न जाणाऱ्या तरतुदींचाही समावेश असतो आणि रोख नफा काढताना त्या पुन्हा मिळवाव्या लागतात. महामंडळाने स्वतःचाच निकष नीट लावला नाही, असे न्यायालयाला आढळले. न्यायमूर्तींनी सर्व स्पर्धकांना समान पातळीवर उभे राहण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(छ) शी जोडला. त्यामुळे हा निकाल केवळ एका पुलापुरता राहिला नाही. अपात्रतेचा आदेश रद्द झाला आणि गटाला दर देण्याची संधी मिळाली.

यानंतर जे घडले ते कायद्याच्या पुस्तकांत सहसा येत नाही. २००८ मध्ये आर्थिक लिफाफे उघडले तेव्हा या गटाने पथकर वसुलीसाठी ९ वर्षे ११ महिने १ दिवस इतका सवलत काळ मागितला होता, तर प्रतिस्पर्धी गटाने ७५ वर्षे मागितली होती. दोन्ही गटांमागे अंबानी बंधूंपैकी एकेक होता. दहा वर्षांच्या आत खर्च भरून निघणे शक्य नाही, असे महामंडळाला वाटले आणि ७५ वर्षांचा देकार शासनाला मान्य होण्यासारखा नव्हता. निविदा रद्द झाली. पुढे हा प्रकल्प मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून उभा राहिला आणि २१.८ किलोमीटर लांबीचा हा सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी ‘अटल सेतू’ या नावाने उद्घाटित झाला. न्यायालयात जिंकलेल्या गटाने तो बांधला नाही आणि न्यायालयात हरलेल्या महामंडळानेही नाही. सोळा वर्षांच्या विलंबाचे सगळे खापर खटल्यावर फोडता येत नाही, कारण खटला संपल्यावरच निविदा फसली होती. पण पात्रतेचा निकष पहिल्याच वेळी नीट लावला गेला असता तर काय घडले असते, हा प्रश्न या प्रकरणाच्या वाचकाला टाळता येत नाही.

स्थगिती आणि विलंब

अलीकडील निकालांत निविदा योग्य रीतीने नाकारली का, यापेक्षा काम थांबवावे का, हा प्रश्न निर्णायक ठरत आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ मध्ये केलेल्या दुरुस्तीने कलम २०-क व कलम ४१(जक) ही कलमे घातली गेली. परिवहन, ऊर्जा, पाणी व स्वच्छता, दळणवळण आणि सामाजिक व व्यापारी पायाभूत सुविधा यांच्या प्रकल्पांना विलंब होईल असा मनाईहुकूम दिवाणी न्यायालयाने देऊ नये, असे ती सांगतात. ही कलमे दाव्यांना लागू आहेत, रिट याचिकांना नाहीत. पण एन. जी. प्रोजेक्ट्स विरुद्ध विनोद कुमार जैन (मार्च २०२२) या झारखंडमधील रस्त्याच्या खटल्यात, उच्च न्यायालयांनीही या कलमांमागील हेतू लक्षात ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. निविदा नाकारणे मनमानी वाटले तरी शक्यतो काम थांबवू नये आणि याचिकाकर्त्याला नुकसानभरपाईच्या मार्गाकडे पाठवावे, असा या निकालाचा आशय आहे.

त्याच वर्षी जानेवारीत मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेच्या साबरमती आगाराच्या निविदेवरून असाच निकाल लागला होता. राष्ट्रीय अतिवेगवान रेल्वे महामंडळ विरुद्ध माँटेकार्लो या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने परदेशी कर्जातून होणाऱ्या राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रकल्पांत अंतरिम स्थगिती देण्यापूर्वी अधिक काळजी घ्यावी, असे सांगितले. अशा प्रकल्पांत कर्ज देणाऱ्या संस्थेचे निकष व सहमती हीही प्रक्रियेचा भाग असतात.

या दिशेवर होणारी टीका एका साध्या मुद्द्यावर आधारलेली आहे. भारतात नाकारलेल्या निविदाकाराला नुकसानभरपाई मिळवून देणारी रुळलेली पद्धत नाही. करारच झालेला नसल्याने त्याला नफ्याचा दावा करता येत नाही आणि निविदा तयार करण्याचा खर्च मिळाला तरी तो मूळ हानीच्या तुलनेत नगण्य असतो. त्यामुळे ‘नुकसानभरपाई मागावी’ हा पर्याय कागदावर आहे, पण त्या मार्गाने गेलेले कंत्राटदार फार थोडे आहेत. दुसऱ्या बाजूने असेही म्हटले जाते की, स्थगिती सहज मिळू लागली तर प्रत्येक पराभूत कंत्राटदार याचिका हे सौद्याचे साधन म्हणून वापरील. दोन्ही भीती निराधार नाहीत.

ठाणे–भाईंदर मार्गाची निविदा

२०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) एका निविदेने हा संपूर्ण विषय पुन्हा चर्चेत आणला. गायमुख ते फाउंटन हॉटेल हा सुमारे ५ किलोमीटरचा बोगदा आणि तेथून भाईंदरपर्यंत सुमारे ९.८ किलोमीटरचा उन्नत मार्ग, असे हे जोडकाम होते. त्याची एकत्रित किंमत १४,००० कोटी रुपयांच्या घरात होती. लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या निविदा तांत्रिक टप्प्यावर बाद झाल्या. आपल्याला अपात्रतेची सूचना न देताच इतरांचे आर्थिक लिफाफे उघडले गेले, अशी कंपनीची तक्रार होती. निविदेच्या अटींनुसार त्या टप्प्यावर कारणे कळवण्याचे बंधन नाही, अशी प्राधिकरणाची भूमिका होती.

मुंबई उच्च न्यायालयाने २० मे रोजी याचिका फेटाळल्या. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठासमोर, कंपनीचे देकार स्वीकारार्ह ठरलेल्या देकारांपेक्षा एकूण सुमारे ३,००० कोटी रुपयांनी कमी असल्याचे मांडले गेले. फेरनिविदा काढण्याची तयारी आहे का, असे न्यायालयाने विचारल्यावर ३० मे २०२५ रोजी प्राधिकरणाने दोन्ही निविदा रद्द केल्याचे सांगितले आणि प्रकरण तेथेच संपले.

नकार वैध होता की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय त्यामुळे आलाच नाही. उपलब्ध तत्त्वांनुसार उच्च न्यायालयाचा आदेश अनपेक्षित नव्हता. टाटा सेल्युलरपासून एन. जी. प्रोजेक्ट्सपर्यंतची परंपरा त्याच दिशेची होती. परिणाम बदलला तो बाद झालेला दर सर्वांसमोर आल्यामुळे. नियमाने पाहिल्यास तांत्रिकदृष्ट्या अपात्र निविदेचा दर विचारातच घ्यायचा नसतो. पुरुलियाच्या खटल्यात ४० कोटींचा फरक निरुपयोगी ठरला होता.

रद्द झालेल्या निविदा व काळी यादी

निविदा नोटिशीत ‘कोणतेही कारण न देता कोणतीही अथवा सर्व निविदा फेटाळण्याचा हक्क राखून ठेवला आहे’ असे वाक्य ठरलेले असते. हा हक्क अनिर्बंध नाही. कोलकात्यातील दोन भुयारी मार्गांच्या देखभालीचे दिलेले काम रद्द करण्यावरून झालेल्या सुबोध कुमार सिंग राठोड खटल्यात (जुलै २०२४) सर्वोच्च न्यायालयाने महानगर विकास प्राधिकरणाचा आदेश मनमानी ठरवून रद्द केला. तांत्रिक त्रुटींचे कारण मागाहून पुढे केलेले आहे, असे न्यायालयाला आढळले. संयमाच्या निकालांच्या रांगेत हा निकाल वेगळा उठून दिसतो. मात्र त्यात कार्यादेश आधीच दिलेला होता, म्हणजे याचिकाकर्ता नाकारलेला निविदाकार नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

निविदा नाकारण्याबरोबर कंत्राटदाराचे नाव काळ्या यादीत टाकले गेल्यास परिस्थिती बदलते. एक काम हुकणे ही व्यापारातील जोखीम मानली जाते, तर काळी यादी ही पुढील सर्व कामांचे दार बंद करणारी शिक्षा मानली जाते. म्हणून इरुशियन इक्विपमेंट खटल्यापासून (१९७५) त्यासाठी आधी म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. गोरखा सिक्युरिटी खटल्यानंतर (२०१४) कारणे दाखवा नोटिशीत काळ्या यादीचा प्रस्ताव स्पष्ट दिसला पाहिजे, असेही ठरले. या टप्प्यावर न्यायालयांचा हस्तक्षेप तुलनेने सहज मिळतो.

अन्य देशांतील पद्धती

युरोपीय संघात काम कोणाला देणार हे सर्व निविदाकारांना कळवल्यानंतर करार करण्यापूर्वी किमान १० दिवस थांबावे लागते आणि संदेश इलेक्ट्रॉनिक माध्यमाने पाठवला नसल्यास ही मुदत १५ दिवसांची असते. या काळात तक्रार करता येते, त्यामुळे तक्रार आणि विलंब दोन्ही आटोक्यात राहतात. अमेरिकेत संघीय कंत्राटांवरील तक्रार शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाकडे करता येते आणि ते १०० दिवसांत निर्णय देते. वेळेत केलेल्या तक्रारीमुळे तोवर काम सामान्यतः आपोआप थांबते. भारतात थांबण्याची अशी सर्वसाधारण वैधानिक मुदत नाही. त्यामुळे नकाराची बातमी आणि कार्यादेश एकाच दिवशी निघू शकतात. जागतिक व्यापार संघटनेच्या शासकीय खरेदी कराराने सदस्य देशांना देशांतर्गत तक्रार निवारणाची व्यवस्था बंधनकारक केली आहे. त्या करारात भारत २०१० पासून निरीक्षक आहे, सदस्य नाही.